घरून काम करणाऱ्यांना सुचतं ते वाया जाऊ नये म्हणून: एचआरमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

घरून काम सुरू झालं म्हणून माणसाला सुचायचं थांबत नाही. थांबतं ते सांगणं. ऑफिसात असताना चहाच्या टपरीवर किंवा पार्किंगमध्ये गाडी काढता काढता "अहो, ते असं केलं तर?" एवढं सहज बोलून होतं. कळंबला नाहीतर सेनगावला घरी बसून काम करणाऱ्याला तेच सांगायला साहेबांना फोन लावावा लागतो. एवढ्याशा गोष्टीसाठी "उगं कशाला" म्हणून तो लावत नाही. सुचल्यापासून करून बघेपर्यंतची ही वाट मोकळी ठेवणं आणि ती कुठं अडते ते पाहत राहणं, हे एचआरचं काम. वर्षातून एकदा कल्पकतेवर व्याख्यान ठेवून ते होत नाही.

पुढची पद्धत छत्रपती संभाजीनगर, जालना, लातूर, नांदेड भागातल्या मध्यम कंपन्यांसाठी आहे, जिथे १५ ते १०० माणसं घरून काम करतात आणि एचआरमध्ये एक-दोघेच असतात. समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. जालन्याची एक बियाणे कंपनी आहे आणि तिची शेतकरी हेल्पलाईन २४ जण आपापल्या घरून चालवतात, असं समजा. कंपनी कल्पित आहे, तिचे आकडेही समजुतीपुरते. अडचणी मात्र कुठल्याही हेल्पलाईनवाल्याला ओळखीच्या वाटतील.

पहिले पंधरा दिवस: सर्व्हे नको, फोन करा

नवीन एचआरवाला बहुतेकदा २५ प्रश्नांचा ऑनलाईन सर्व्हे पाठवून सुरुवात करतो. उत्तरं येतात ती "सर्व ठीक आहे" छापाची. नाव दिसणार की नाही याची खात्री नसताना कोण खरं लिहील? त्यापेक्षा ८ ते १० जणांना प्रत्येकी २० मिनिटं फोन करा. कॅमेरा नको. निवडताना दोन जुने, तीन नवे, किमान तीन महिला आणि तालुक्याच्या किंवा गावच्या ठिकाणाहून काम करणारे किमान तिघं घ्या. प्रश्न तीनच विचारा:

१. रोजच्या कामात असं काय आहे जे करताना "हे कशाला करतोय आपण" असं वाटतं?
२. मागच्या सहा महिन्यांत काही सुचलं होतं का? कोणाला सांगितलं? पुढे काय झालं?
३. सांगितलं नसेल तर का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जसं येईल तसं, त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. साधारण चारच कारणं पुन्हा पुन्हा समोर येतात: वेळ नाही, सांगायचं कोणाला ते कळत नाही, मागे सांगितलं तर काही झालं नाही, आणि इंग्रजीत मांडता येत नाही. मराठवाड्यात हे चौथं कारण हलक्यात घेऊ नका. मीटिंग इंग्रजीत चालते तेव्हा परभणीचा हुशार पोरगा तासभर म्यूटवर बसतो. मीटिंग संपली की तोच व्हॉट्सअ‍ॅपवर मित्राला नेमका उपाय सांगतो. सूचना मराठीत, हवी तर व्हॉइस नोटने चालेल, हे पहिल्याच दिवशी लेखी जाहीर करा. आणि साहेबांनी स्वतः एक व्हॉइस नोट टाकून दाखवावी, नाहीतर नुसत्या परवानगीचा उपयोग होत नाही.

वेळ द्यायचा तर टार्गेटमधून कापा

सगळ्यात जास्त फसवणूक इथं होते. "आठवड्याला दोन तास नवीन विचारासाठी" अशी मेल जाते, टार्गेट मात्र तेवढंच राहतं. मग ते दोन तास रात्री जेवणानंतर येतात, किंवा येतच नाहीत.

हिशोब करून बघा. दिवसाला ७.५ तास, आठवड्याला ६ दिवस, म्हणजे ४५ तास. दिवसाला ४० कॉल धरले तर आठवड्याचे २४०. दोन तास म्हणजे ४५ च्या साधारण ४.४ टक्के. म्हणजे त्या आठवड्याचं टार्गेट ११ कॉलनी कमी करून २२९ करायचं, आणि तेही डॅशबोर्डवर. टीम लीडने तोंडी "चालतंय की" म्हटलेलं महिनाअखेरच्या रिपोर्टमध्ये दिसत नसतं, आणि माणूस तो रिपोर्ट बघूनच वागतो.

थ्रीएम कंपनीची १५ टक्के वेळेची पद्धत, म्हणजे कामाचा तेवढा वेळ स्वतःच्या कल्पनेवर घालवू देणं, सगळीकडे सांगितली जाते. ती संशोधनावर चालणाऱ्या कंपनीची आहे. ४५ तासांचे १५ टक्के म्हणजे पावणेसात तास. हेल्पलाईनला ते झेपत नाही आणि दुसऱ्याच महिन्यात गुपचूप बंद पडतं. दोन तासच द्या, पण खरे द्या. ते कुठल्या वारी घ्यायचे हे त्या माणसाला ठरवू द्या. फक्त हंगामात, म्हणजे जून-जुलैत, ही सवलत स्थगित असेल तर तसं आधीच सांगा. ऑगस्टात ती परत सुरू झाली नाही तर पुढच्या वर्षी कोणी विश्वास ठेवणार नाही.

पाच ओळींचा फॉर्म

सूचनेचा फॉर्म मोबाईलवर एका बोटाने भरता आला पाहिजे. पाचच रकाने: काय खटकतं, कोणाला त्रास होतो, काय करून बघायचं, त्याला काय लागेल, आणि फरक पडला हे कशावरून कळेल. "अपेक्षित आर्थिक लाभ" हा रकाना टाकू नका. तो पाहिला की निम्मे लोक फॉर्म बंद करतात, उरलेले अंदाजे ठोकून देतात.

आपल्या कल्पित हेल्पलाईनवरचा एक भरलेला फॉर्म असा दिसेल (लॉट नंबर म्हणजे बियाण्याची खेप ओळखायला पिशवीवर छापलेला क्रमांक):

काय खटकतं: "शेतकरी म्हणतो सोयाबीन उगवलं नाही. मी लॉट नंबर विचारला की तो पिशवी हुडकायला जातो. चार-पाच मिनिटं लाईन नुसती चालू."
कोणाला त्रास: "शेतकऱ्याला, आणि मागे वाट बघत असलेल्यांना."
काय करून बघायचं: "आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर पिशवीच्या लेबलचा फोटो मागवायचा."
काय लागेल: "कंपनीचा एक व्हॉट्सअ‍ॅप नंबर."
कशावरून कळेल: "कॉलची मिनिटं कमी झाली तर."

एवढं पुरतं. शुद्धलेखन तपासू नका, भाषा "सुधारून" पुढे पाठवू नका. सूचना वरच्या साहेबांकडे त्याच शब्दांत आणि त्याच माणसाच्या नावानं जाऊ द्या.

सात दिवसांत उत्तर

सगळं नीट करता आलं नाही तरी ही एक गोष्ट सांभाळा. सूचना आल्यापासून सात दिवसांच्या आत, नाव घेऊन, कारणासह उत्तर गेलंच पाहिजे. ऑफिसात सूचना अडकली तर माणूस येता-जाता विचारतो तरी, "सर, त्याचं काय झालं?" घरी बसलेल्याला समोर दिसतं ते फक्त गप्प पडलेला ग्रुप. दोनदा उत्तर आलं नाही की तिसरी सूचना येत नाही. आणि ती आली नाही हे कुठल्याच रिपोर्टमध्ये दिसत नाही.

यासाठी तीन जणांची समिती पुरते: एक ज्याला पैसे मंजूर करता येतात, एक ज्याला ते काम हातानं करता येतं, आणि एक घरून काम करणारा कर्मचारी. तिसरा दर तीन महिन्यांनी बदला. दर आठवड्याला ठरलेल्या वारी ३० मिनिटं बसायचं. एका सूचनेला पाच मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील तर बहुतेक वेळा माहिती कमी आहे. सूचना देणाऱ्याला तिथेच फोन लावा.

उत्तरं तीनच प्रकारची ठेवा. "करून बघू": कधीपासून, कोण. "आत्ता नाही": पुन्हा कोणत्या महिन्यात बघणार. "नाही": का नाही. "विचाराधीन आहे" हा सरकारी शब्द वापरूच नका. नकार देताना कारण खरं द्या. "बजेट नाही" म्हणायचं असेल तर किती लागतंय आणि किती आहे तेही सांगा. "पावसाळ्याआधी सॉफ्टवेअर बदलता येत नाही, कारण बदल करणारा एकच माणूस आहे आणि तो जूनपर्यंत दुसऱ्या कामावर आहे" असं उत्तर मिळालेला माणूस रागावत नाही. उलट तो पुढची सूचना सॉफ्टवेअर न लागणारी देतो. सूचना घडवण्याचं शिक्षण असं, नकारातूनच होतं.

टीम लीडला ५,००० रुपयांपर्यंतचा खर्च आणि दोन आठवड्यांपर्यंतची चाचणी स्वतःच्या अधिकारात मंजूर करू द्या. बऱ्याच सूचना एवढ्यातच बसतात. त्या समितीपर्यंत येऊच नयेत.

छोटी चाचणी: दोन आठवडे, सहा माणसं

"करून बघू" म्हणजे सगळीकडे लागू करणं नाही. लेबलच्या फोटोची सूचना २४ जणांवर एकदम लादली तर ती फसल्यावर पूर्ण हेल्पलाईन अडेल, आणि ज्यानं सुचवलं तो पुन्हा तोंड उघडणार नाही. म्हणून:

पहिला आठवडा काहीच बदलू नका, फक्त मोजा. उगवणीच्या तक्रारीचा कॉल सरासरी किती मिनिटं चालतो, त्याच शेतकऱ्याचा दुसरा फोन किती वेळा येतो. समजा सरासरी ११ मिनिटं निघाली.

मग सहा जण नव्या पद्धतीनं, बाकीचे जुन्या. दोन आठवडे. सहा जण निवडताना सगळे उत्साही नकोत. दोन तरी "हे काही चालत नाही" म्हणणारे घ्या. खोट आधी तेच काढतात.

कधी थांबायचं ते सुरू करण्याआधी लिहून ठेवा. उदाहरणार्थ, "तीन दिवसांत सरासरी १४ मिनिटांवर गेली तर बंद." हे आधी लिहिलं नसेल तर वाईट चाललेली चाचणीही "अजून चार दिवस बघू" करत रखडते.

आता यात काय बिघडेल ते बघा. पहिल्या दोन दिवसांतच लक्षात येईल की बटनाचा साधा मोबाईल असलेल्याला फोटो पाठवता येत नाही. तो "पोराला सांगून पाठवतो" म्हणतो आणि पोरगा संध्याकाळी शाळेतून येतो. दुसरं, मराठवाड्यात सोयाबीनचं घरचं बियाणं ठेवणारे पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे लेबलच नसतं. तरी त्यांनाही फोटो मागितला जातो आणि दोघांचाही वेळ जातो. तिसरं, फोटोत नेमका लॉट नंबर पुसट येतो.

म्हणून चौथ्या दिवशी सहा जणांचा २० मिनिटांचा फोन ठेवायचा आणि पद्धत तिथल्या तिथे दुरुस्त करायची. पहिला प्रश्न, "घरचं बी का विकतचं?" विकतचं असेल तरच लॉट नंबर विचारायचा. फोटो मागणं सोडून द्या, त्याऐवजी लाईन लागेपर्यंत जे संगीत वाजतं तिथे रेकॉर्ड केलेलं वाक्य लावा: "पिशवीवरचं लेबल हातात घेऊन थांबा." खासगी कंपनीच्या बियाण्याला बहुतेकदा हिरवं लेबल असतं, प्रमाणित बियाण्याला निळं, रंग सांगितला की ते पटकन सापडतं. साधा मोबाईलवालाही हे करू शकतो, आणि वेगळा नंबरही लागत नाही. मूळ सूचनेपेक्षा ही दुसरी आवृत्ती स्वस्त आणि चांगली आहे. पण पहिली करून बघितली नसती तर ती सुचली नसती. नोंदवहीत दोन्ही लिहा आणि श्रेय मूळ सुचवणाऱ्यालाही द्या.

चाचणी फसली तर एक पानाची नोंद करायची: काय वाटलं होतं, काय झालं, का. ती सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी ठेवायची. दोष माणसावर जाणार नाही, हे कर्मचारी परिपत्रकातून शिकत नाहीत. फसलेल्या पहिल्या चाचणीनंतर साहेब काय बोलतात ते सगळे टक लावून बघत असतात. व्यवस्थापनाच्या अभ्यासक एमी एडमंडसन यांनी १९९९ मध्ये एका उत्पादन कंपनीतल्या ५१ टीम अभ्यासून हेच दाखवलं: जिथे चूक, शंका, प्रश्न बोलून दाखवायला भीती वाटत नाही, तिथे टीम शिकते आणि कामही चांगलं करते.

व्हिडिओ मीटिंगमध्ये "आयडिया सांगा" म्हणू नका

सोमवारी दहा वाजता २४ चौकोन पडद्यावर, आणि साहेब म्हणतात, "चला, कोणाला काही सुचतंय का?" दोन मिनिटं शांतता, मग रोजचेच दोघं बोलतात.

याला कारण नुसता संकोच नाही. २०२२ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलेल्या मेलनी ब्रक्स आणि जोनाथन लेवाव यांच्या अभ्यासात ६०२ जणांना जोड्या करून काम दिलं होतं: काही जोड्या एका खोलीत, काही व्हिडिओवर. पुढे पाच देशांतल्या १,४९० अभियंत्यांवरही तेच तपासलं. व्हिडिओवरच्या जोड्यांना कल्पना कमी सुचल्या. नजर पडद्यावर खिळून राहते आणि विचारही आखडतो, असं त्यांचं स्पष्टीकरण आहे. पण सुचलेल्यातून चांगली कल्पना निवडण्यात व्हिडिओवाले मागे नव्हते. यावरून कामाची वाटणी सरळ ठरते: सुचवणं एकट्यानं लिहून किंवा समोरासमोर बसून, निवडणं व्हिडिओवर.

लिहून सुचवायला ६-३-५ पद्धत घ्या. जर्मनीच्या बेर्न्ड रोरबाख यांनी ती १९६८ मध्ये मांडली. सहा जण, प्रत्येकी तीन कल्पना, पाच मिनिटं. मग कागद शेजाऱ्याकडे, त्यानं वाचून आपल्या तीन जोडायच्या. सहा फेऱ्या, अर्धा तास, १०८ नोंदी. घरून करताना एक सामायिक शीट करा, सहा ओळी, सहा रकाने, प्रत्येक चौकटीत तीन कल्पना. पाच मिनिटं झाली की प्रत्येकानं एक ओळ खाली सरकायचं. कॅमेरे बंद, आवाज बंद. नाव लिहायचं नाही. नेट अडखळत असेल तर पाचऐवजी सात मिनिटं द्या. प्रश्न मात्र नेमका हवा. "सेवा कशी सुधारावी?" यावर १०८ ओळी कचरा येतो. "जूनमध्ये सकाळी नऊ ते अकरा लाईन तुंबते, ती कशी मोकळी करायची?" यावर उपयोगाचं येतं.

तीन महिन्यांतून एकदा समोरासमोर

प्रवासाचा दिवस कामाचा धरा, तिकीट आणि जेवण कंपनीचं. हे दोन नियम नसतील तर लांबचे येत नाहीत आणि भेट संभाजीनगर-जालनावाल्यांचीच होते. लातूर किंवा नांदेडहून संभाजीनगर अडीचशे किलोमीटरच्या आसपास पडतं. टीम मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत पसरलेली असेल तर परभणीचा विचार करा. मध्ये पडतं आणि रेल्वे जंक्शन आहे. सकाळी अकरा ते चार. त्यात प्रेझेंटेशन एकही नको. ते मेलनं पाठवता येतं. निम्मा वेळ एका नेमक्या अडचणीवर, निम्मा नुसता गप्पांना. गप्पांचा वेळ वाया गेला असं लेखा विभागाला वाटेल. तिथे एचआरनं ठाम राहावं.

आणि तारीख ठरवताना पंचांग बघा. मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला लातूर-धाराशिवचा माणूस शेतात असतो, भज्जी-आंबिलीच्या पंगतीला. त्या दिवशी मीटिंग ठेवली तर येणारे फक्त तोंडदेखले येतील. पोळ्याचंही तसंच.

दुसऱ्या विभागाशी ओळख तुटते, ती बांधा

मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतल्या ६१,१८२ कर्मचाऱ्यांच्या २०२० च्या पहिल्या सहा महिन्यांच्या नोंदींचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळे घरून काम करू लागल्यावर लोक आपापल्याच गटाशी जास्त बोलू लागले आणि इतर गटांशी कामाचा वेळ सुमारे पाव हिस्स्यानं घटला. नवीन कल्पना मात्र बहुतेकदा दोन विभागांच्या सांध्यावर असते. लॉट नंबरची अडचण हेल्पलाईनला माहीत असते, लेबलवर अक्षरं किती मोठी छापायची ते पॅकिंगवाला ठरवतो, आणि दोघं एकमेकांना ओळखतही नाहीत.

यावर साधा उपाय जोडीचा. दर पंधरवड्याला दोन वेगवेगळ्या विभागांतल्या दोघांचा २५ मिनिटांचा फोन, जोड्या एचआरनं लावायच्या. विषय एकच: "तुमच्याकडून आमच्याकडे जे येतं त्यात काय त्रास होतो?" रिपोर्ट मागू नका. रिपोर्ट मागितला की गप्पा बंद होतात आणि फॉर्म भरणं सुरू होतं.

नवीन माणसाची वही

नवा कर्मचारी रुजू झाला की पहिले ३० दिवस त्याला जे विचित्र वाटतं ते लिहून ठेवायला सांगा. जुन्यांच्या अंगवळणी पडलेलं त्याला दिसतं. ३१ व्या दिवशी अर्धा तास बसून वही वाचा. दोन महिन्यांनी विचारलंत तर उशीर होतो. तोवर तोही "इथं असंच असतंय" म्हणायला लागलेला असतो.

टीम लीडला काय शिकवायचं

एचआरची योजना टीम लीडच्या एका वाक्यानं मरते. "आधी टार्गेट पूर्ण करा, मग आयडिया सांगा" हे ते वाक्य. त्याला तीन सवयी लावा: सूचना आली की पहिला प्रतिसाद प्रश्नाचा असावा, मताचा नको ("हे कुठल्या कॉलला जास्त होतं?"), ग्रुपवर चूक काढू नये, फोन करावा, आणि वर सांगताना सुचवणाऱ्याचं नाव पहिल्या वाक्यात घ्यावं. सूचना आपल्या नावानं पुढे सरकवणारा टीम लीड सापडला तर एकट्यात बोला, पण सोडून देऊ नका. घरून काम करणाऱ्यांच्या खासगी ग्रुपवर ती बातमी त्याच संध्याकाळी फिरते.

दर दहा मिनिटांनी पडद्याचा फोटो काढणारं, माऊस हलतो का बघणारं सॉफ्टवेअर बसवलं असेल तर आधी ते काढा. विचार करणारा माणूस माऊस हलवत नाही. त्या सॉफ्टवेअरच्या हिशोबानं तो बसून आहे. माल हाताळणाऱ्या किंवा बँकेच्या माहितीशी संबंधित कामात देखरेख लागते हे खरं, पण ती कामाच्या निकालावर आणि माहितीच्या सुरक्षिततेवर असू द्या.

बक्षीस

दर सूचनेला १०० रुपये अशी योजना काढली की पहिल्या महिन्यात सूचनांचा पूर येतो: "पंखा बसवा", "पगार वाढवा", आणि एकाच सूचनेच्या पाच आवृत्त्या. उलट, मोठ्या रकमेचं एकच वार्षिक बक्षीस ठेवलं की लोक सूचना लपवून ठेवतात आणि कोणाची आधी यावरून भांडतात. टोयोटानं १९५१ मध्ये सूचना योजना सुरू केली ती आजही चालू आहे. तिथली मूठभर नाही, तर फार मोठ्या संख्येनं माणसं लहान लहान सुधारणा सुचवतात. त्यातून घ्यायचं ते एवढंच की व्याप मोठा ठेवायचा, रक्कम लहान.

बक्षीस चाचणी पूर्ण केल्याबद्दल द्या, ती यशस्वी झाली म्हणून नको. फसलेली चाचणी नीट लिहून देणाऱ्यालाही तेवढंच. सोबत काम केलेल्या सगळ्यांना वाटून. रोख रक्कम दिली तर ती पगाराचाच भाग धरली जाते आणि त्या माणसाच्या पगारावर कर बसत असेल तर टीडीएस, म्हणजे पगारातूनच आधी वळता होणारा आयकर, कापावा लागतो. हे आधी सांगा, नाहीतर २,००० जाहीर होऊन हातात कमी आले की बक्षिसाचा राग येतो. वस्तू किंवा व्हाउचर द्यायचं असेल तर करमुक्त मर्यादा त्या वर्षाच्या नियमानुसार लेखापालाकडून तपासून घ्या. वार्षिक मूल्यमापनात "नवकल्पना: ५ पैकी किती?" असा रकाना नको. त्याऐवजी एक ओळ: या वर्षी कोणत्या चाचणीत भाग घेतला आणि काय समजलं.

कागदपत्रं

सूचना कोणाच्या मालकीची हा प्रश्न आधीच मिटवा. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेला मजकूर, सॉफ्टवेअर वगैरे, वेगळा करार नसेल तर, कंपनीच्या मालकीचं होतं. पेटंटचं तसं आपोआप होत नाही. पेटंट कायदा, १९७० खाली अर्ज खरा आणि पहिला शोधक किंवा त्यानं हक्क दिलेला करू शकतो, आणि हक्क हस्तांतरण लेखी लागतं. म्हणून नेमणूकपत्रात एक स्वच्छ परिच्छेद ठेवा, त्याचा मराठी अर्थ समजावून सांगा, आणि शोधक म्हणून नाव त्या माणसाचंच राहील हेही लिहा. पेटंट होण्यासारखं काही वाटलं तर अर्ज करण्याआधी ते ग्रुपवर, प्रदर्शनात, बातमीत येऊ देऊ नका. जाहीर झालेली गोष्ट नवी धरली जात नाही.

चाचणीच्या नादात शेतकऱ्यांचे नंबर कर्मचाऱ्यांच्या खासगी व्हॉट्सअ‍ॅपवर जाणार नाहीत, हे बघा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा आहे, आणि जबाबदारी कंपनीवर येते. चाचणीला कंपनीचाच नंबर, कंपनीचंच खातं.

घर, लाईट आणि ऊन

डोकं चालायला आधी वीज चालावी लागते. गावात डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) जळाली की दोन-दोन दिवस लाईट नसते. त्या दिवसाची रजा कापली तर माणूस पुढच्या वेळी सूचनेऐवजी राजीनाम्याचा विचार करतो. लॅपटॉप आणि राउटर चालेल एवढा छोटा इन्व्हर्टर, दुसऱ्या कंपनीचं सिम, आणि जवळच्या तालुक्याला बसायची एक ठरलेली जागा, एवढी तरतूद करा. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत दुपारी दोनला कोणाला काही सुचत नाही. सकाळी सात ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते साडेआठ अशी वेळ मागितली तर द्या. घरात स्वतंत्र खोली नसलेल्यांना, त्यात सुना जास्त, कॅमेरा सुरू ठेवायची सक्ती करू नका. त्यांच्या सूचना व्हॉइस नोटपेक्षा लिहून जास्त येतात. घरात मोठ्यानं बोलायची सोय नसते.

मोजायचं काय

एकूण सूचना मोजू नका. तो आकडा फुगवता येतो. महिन्याला हे चार बघा: किती वेगवेगळ्या माणसांनी सूचना दिली, उत्तराला किती दिवस लागले, किती चाचण्या सुरू झाल्या, किती संपवून नोंद झाली. २४ पैकी ५ जणच वारंवार देत असतील तर उरलेल्या १९ जणांना फोन करायची वेळ आली. उत्तराचे दिवस ७ वरून १२ वर सरकले तर नव्या सूचना मागणं थांबवा, आधी थकलेल्या सूचनांची उत्तरं द्या. एकही चाचणी फसत नसेल तर लोक फक्त खात्रीचंच सुचवतायत असं समजा.

सुरुवातीचे दोन महिने आकडे चांगले येतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात घसरतात, कारण सोप्या सूचना संपलेल्या असतात. इथं योजना गुंडाळू नका आणि नवीन नावानं पुन्हा उद्घाटनही करू नका. "आत्ता नाही" म्हणून ठेवलेल्या सूचनांची यादी काढा आणि त्यातली एक सुरू करा. ज्यानं ती दिली होती त्याला आधी फोन करा. तो नोकरी सोडून गेला असेल तरी करा, आणि पद्धत चालली तर नोंदवहीत त्याचं नाव राहू द्या.